मिशीआडचे ओठ

लोकांना वाटतं, बहिऱ्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं की काम झालं. आयुष्यभर लोक माझ्या कानात ओरडत आले आहेत. कानाशी तोंड न्यायचं म्हणजे मला जे ओठ दिसत होते तेही काढून घ्यायचे. आणि वर मान हलवून शेजारच्याला सांगायचं, हिला काही कळत नाही. मला राग येतो. या वयातही येतो.

माझे कान सातव्या वर्षी गेले. मुदतीचा ताप आला होता. आमचं गाव तेरच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. वडील मेंढरं राखायचे आणि घरी मागावर घोंगड्या विणायचे. तापातून उठले तेव्हा मला वाटलं, सगळे मिळून माझी गंमत करताहेत. वडिलांचा धोटा मागावर इकडून तिकडे जात होता आणि त्याला आवाज नव्हता. कुत्रं दारात उभं राहून तोंड उघडमीट करत होतं. चुलीत तुरकाट्या पेटल्या होत्या, ठिणग्या उडत होत्या, पण तडतड नव्हती.

मग माय माझ्यावर वाकली. तिनं ओठ मिटले, उघडले, जीभ जरा वर गेली. तो शब्द मला सरळ दिसला. मर.

कपाळावरून तिचा हात फिरत होता आणि तोंडानं ती म्हणत होती, मर, मर. तिनं पेजेची वाटी माझ्या ओठांना लावली आणि पुन्हा तेच म्हणाली. शेजारणी आल्या. एकेक जण उंबऱ्यात थांबायची, मला निरखायची, मायकडे बघून मान डोलवायची आणि म्हणायची, मर. संध्याकाळी वडील मेंढरं कोंडून आले, माझ्या पायाला हात लावून बघितला आणि तेही तेच म्हणाले. घरात भांडण नव्हतं, रडारड नव्हती. सगळ्यांचं एकमत झालेलं दिसत होतं.

मी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. पेज प्यायचे, पण आधी वास घेऊन. कुणाला विचारणार? विचारलं तर उत्तर त्याच तोंडांतून येणार होतं. असं वर्षभर चाललं. मला मारायचं ठरवलेल्या माणसांत मी राहत होते आणि ती माणसं मला न्हाऊ घालत होती, माझी वेणी घालत होती.

आमच्या घरातल्या मुली शाळेत जात नसत. मेंढरांमागे जात. पण मेंढरांमागे जायला कान लागतात. लांडग्याची चाहूल, कुत्र्याचं भुंकणं, बापाची शीळ, यांतलं काहीच मला कळणार नव्हतं. घरात बसून मी सगळ्यांकडे टक लावून बघायचे आणि त्याची मायला भीती वाटायची. म्हणून मला शाळेत नेऊन बसवलं. बहिरी झाले नसते तर मला अक्षर दिसलं नसतं.

शाळा म्हणजे चावडीमागची एक खोली. चौकटीवर आधीच्या सरकारच्या काळातली उर्दू अक्षरं होती. त्यांवर चुना फासलेला, पण ओल धरली की ती चुन्याखालून वर यायची आणि उन्हं पडली की परत जायची. गुरुजी परंड्याचे. स्वतः उर्दूत शिकलेले, आता आम्हाला मराठी शिकवायचे. आणि गुरुजींना तोंड नव्हतं.

खरंच सांगते, नव्हतं. नाकाखाली एवढी दाट मिशी की वरचा ओठ तर नाहीच, खालचाही दिसत नसे. ते केस हलायचे. केस हलले की सगळी मुलं उठून उभी राहायची. केस पुन्हा हलले की बसायची. कधी केस थरथरायचे आणि खोलीभर मुलं हसायची. मी ते बघत बसायचे आणि हात मांड्यांखाली दाबून धरायचे.

शुद्धलेखन मात्र मी लिहायचे. शेजारच्या मुलीला लिहिताना शब्द तोंडात पुटपुटायची सवय होती. मी तिचे ओठ बघून लिहायचे. एकदा गुरुजींनी माझी पाटी उचलली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. त्यांनी सांगितलं होतं, 'बाबा पाणी भर.' माझ्या पाटीवर होतं, 'मामा माणी मर.'

आधी ते चिडले असावेत, कारण केस जोरात हलले. मग थांबले. त्यांनी शेजारच्या मुलीला माझ्यासमोर बसवलं आणि तिला काही सांगितलं. ती बोलू लागली, मी लिहू लागले. पुढं कळलं, तिला त्यांनी आवाज न काढता बोलायला लावलं होतं. पाटीवर सगळं बरोबर आलं, फक्त ओठ मिटून उमटणारी अक्षरं चुकली. प, ब, भ, सगळ्यांचा म झाला होता. गुरुजींनी स्वतःच्या तोंडावर आडवा हात ठेवला आणि उठून दारापाशी जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मिशी नव्हती.

रापलेल्या चेहऱ्यात तेवढीच एक पट्टी फिकट, सोललेल्या केळ्यासारखी. मुलं गप्प झाली. सगळ्यांची तोंडं मिटली होती म्हणून मला कळलं. गुरुजींनी खुर्ची उचलून दाराकडे तोंड करून ठेवली, उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडेल अशी. मला पुढे त्यांच्या समोर बसवलं. त्यानंतर ते फळ्याकडे तोंड करून कधी बोलले नाहीत. आधी लिहायचे, मग वळायचे, मग बोलायचे.

पण मिटलेले ओठ अजून मिटलेलेच होते. त्यावर त्यांनी स्वतःच एक तोड काढली. म म्हणताना नाकाला बोट लावायचं, ब म्हणताना गालाला, प म्हणताना तळहात तोंडापुढे धरायचा. फ ला प ची आणि भ ला ब ची खूण दोनदा. माझं बोट माझ्याच नाकावर ठेवून त्यांनी मला म म्हणायला लावलं. नाकात भुंगा शिरल्यासारखी गुणगुण बोटाला कळली. ब म्हटलं, नाक गप्प.

मग त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. 'मर' लिहून नाकाला बोट लावलं. 'बरं' लिहून गालाला लावलं. दोन्ही म्हणून दाखवले. ओठांवर दोन्ही एकच होते.

मी पाटी तिथेच टाकून घरी पळाले. माय भाकरी थापत होती. मी तिच्या समोर बसले, तिच्या नाकावर बोट ठेवलं आणि ओरडून म्हटलं, "माय, म्हण. मला रोज म्हणायची ते म्हण."

पिठाचे हात तसेच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं ओठ मिटले, उघडले. तिचं नाक गप्प होतं. मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा गप्प. बरं. बरं होतंय. बरं झालं. वर्षभर ती एवढंच म्हणत होती. मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि तिच्या लुगड्यात इतकी रडले की तिची भाकर करपली.

इकडे गावात दुसरंच सुरू झालं होतं. आमच्याकडे बाप जिवंत असताना कुणी मिशी काढत नाही. मिशी गेली म्हणजे बाप गेला, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. गुरुजींचा बोडका ओठ बघून त्याच संध्याकाळी माणसं त्यांच्या खोलीवर गेली आणि रीतीप्रमाणे न बोलता भिंतीला टेकून बसली. चूल पेटली नसेल म्हणून शेजारणींनी भाकरी आणि पिठलं नेलं. गुरुजींना वाटलं गावात कुणी गेलंय, म्हणून तेही गप्प बसले. बऱ्याच वेळानं कुणीतरी सुस्कारा सोडून म्हणालं, "लई वाईट झालं गुरुजी. थोरले कवा गेले?"

"कुणाचे थोरले?" गुरुजी म्हणाले. "माझे वडील ठणठणीत आहेत."

हे सगळं मायनं मला पुढं, माझ्याकडून त्या खुणा शिकल्यावर, खुणांनी सांगितलं. मिशी कशासाठी काढली ते गुरुजींनी सरळ सांगून टाकलं. माणसं उठली. पिठलं तिथेच राहिलं. गावच्या कारभाऱ्यांनी उंबऱ्यातून मागे वळून विचारलं, "बाप जिता असताना? एका बहिऱ्या पोरीपायी?"

त्या दिवसापासून बायका मला बघून लेकरं जवळ ओढू लागल्या. मी त्यांचे ओठ वाचते हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. मी आडावर गेले की पदर तोंडावर जायचे. रस्त्यानं चालताना दोन्ही बाजूंना डोळेच डोळे दिसायचे, खाली कापड. बोलायचं थांबवलं असेल की कापडाआड बोलत असतील, कळायचं नाही.

बातमी बाजारातून बाजारात फिरत परंड्याला गेली. तिथला कुणी एक भला माणूस सांत्वनाला म्हणून गुरुजींच्या घरी गेला, कडी वाजवली, आणि दार गुरुजींच्या म्हाताऱ्या वडिलांनी स्वतः उघडलं.

म्हणून ते आमच्या गावी आले. मला तो दिवस चांगला आठवतो, कारण गुरुजींच्या पाठीमागे फळा पुसून मी नुकतीच दाराकडे वळले होते. उन्हातून एक माणूस येत होता. गुरुजींचीच चाल, गुरुजींचंच नाक, आणि नाकाखाली गुरुजींची गेलेली मिशी, पांढरीफटक होऊन परत आलेली. गुरुजी माझ्यापुढे खुर्चीत बसलेले आणि गुरुजीच म्हातारे होऊन दारातून आत येत होते. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. ज्यांनी त्यांचं सुतक मानून भाकरी नेली होती, त्या बायका मागे चावडीच्या कोपऱ्यावर गोळा झाल्या होत्या.

"आमचा दहावा कुठवर आला, बघावं म्हणलं," असं ते म्हणाले, हे मला नंतर कळलं. त्यांचं बोलणं मला कधीच दिसलं नाही. केस हलायचे आणि गुरुजींची मान खाली जायची.

म्हातारे रागावून आले होते, पण राहिले. रोज शाळेत येऊन खिडकीशी बसायचे. आमचं नाकाला बोट, गालाला बोट बघून त्यांचे खांदे हलायचे. "शाळा हाय का तमाशा?" असं विचारायचे म्हणे. आठवडाभरात तेच मला खिजवायला लागले. मी खिडकीवरून गेले की नाकाला बोट, गालाला बोट, तळहात तोंडापुढे, असं भराभर काहीतरी करायचे. शब्द नसायचाच, नुसत्या खुणा. मला त्यांची फार भीती वाटायची. तोंड नसलेला माणूस माझी भाषा बोलत होता आणि काय बोलतो ते मला कळत नव्हतं.

मग एका सकाळी चहा पिता पिता त्यांच्या हातातली बशी निसटली. त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आमच्याकडे त्याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. त्या दिवशी तर लिंबाचं पानही हलत नव्हतं.

गावाला आणखी काय हवं होतं? कारभारी आमच्या अंगणात आले. त्यांनी तोंडाला काही लावलं नव्हतं. मी वाचावं असंच त्यांच्या मनात असेल. "पोरीला शाळंतून काढा. मिशीनं बाप खाल्ला. आता अजून कुनाला खाईल ठावं न्हाय."

वडील भांडणारे नव्हते. माझी पाटी त्यांनी आढ्याला खोचून ठेवली आणि माझ्यापुढे लोकर पिंजायला टाकली. मी पिंजत बसले. पुन्हा ओठांचं सगळं एकच होणार, पुन्हा सगळे मला मर म्हणणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला नाक आणि गाल करून दाखवणारं माणूस गावात एकच होतं, आणि त्याच्याकडे जायला मला बंदी होती. मायला खुणा येत होत्या, पण कारभारी येऊन गेल्यापासून तिचा हात चेहऱ्याकडे जायचा आणि अर्ध्यातून खाली यायचा.

असे काही दिवस गेले आणि भर दुपारी गुरुजी आमच्या अंगणात आले. वडिलांशी काही न बोलता माझ्यासमोर उन्हात उभे राहिले. गालाला बोट, परत गालाला बोट. "बाबा बोलतात. आवाज नाही. मला कळत नाही. तू ये."

वडील मध्ये आले नाहीत. मायनं माझ्या अंगावरची लोकर झटकली आणि ती माझ्यामागून निघाली.

खोली माणसांनी भरली होती. म्हातारे आमच्याच घरी विणलेल्या घोंगडीवर पडले होते. डोळे गुरुजींवर. मिशी हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. मी वाकून बघितलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग मान हलवली. केसांशिवाय काही दिसत नव्हतं.

गुरुजींनी कोनाड्यातून कात्री घेतली.

कारभाऱ्यांनी त्यांचं मनगट धरलं. "जित्या मानसाची? गुरुजी, भान हाय का?" गुरुजींनी बापाकडे बघितलं. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले आणि परत उघडले. मनगट सुटलं.

पांढरे केस घोंगडीवर पडत गेले. त्यांच्याखालून एक लहानसं तोंड बाहेर आलं, कधीच ऊन न लागलेलं, एका बाजूला ओघळलेलं. मी ते तोंड ओळखलं. रोज शाळेत समोर बघत होते तेच होतं, गुरुजींचं.

अर्धेच ओठ हलत होते. जीभ दातांपाशी आली. 'तुझी'. मग ओठ मिटले आणि त्यांचा डावा हात घोंगडीवरून सरकत सरकत वर निघाला. छातीवर थांबला. हनुवटीवर थांबला. मग एक बोट गालाला लागलं. खोलीतल्या माणसांची तोंडं उघडीच राहिली. 'बी'. पुढचा शब्द मला जबड्यावरून कळला. 'गेली'.

ओठ पुन्हा मिटले. हात पुन्हा हलला, आणि या वेळी बोट नाकाला लागलं.

म. गुरुजींनीही ते बघितलं. आमच्या दोघांच्याही मनात एकच शब्द आला असणार, फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलेल्या दोनांतला पहिला. बाप मुलाला जाता जाता काय म्हणतोय, हे मला आता मोठ्यानं सांगावं लागणार होतं. मी त्या ओठांवरून नजर काढली नाही. ते 'मर'ला उघडतात तेवढ्यावर थांबले नाहीत, मोठे उघडले. पुढं आणखी शब्द होते.

मी बोलले. कान गेल्यापासून माझा आवाज कसा आहे ते मला माहीत नाही. शेळीसारखा आहे, असं मुलं म्हणायची. मी फक्त ओठांवरचं होतं ते तोंडातून काढलं:

"तुझी बी गेली. माझी बी गेली. आता न्हावी काय काढंल?"

सगळी खोली मागे सरकली. एका बाईनं चौकट धरली. कारभाऱ्यांनी हात जोडले, आणि ते म्हाताऱ्यांकडे नाही, माझ्याकडे बघून. गुरुजी आधी माझ्याकडे बघत राहिले, मग बापाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते आणि त्यांच्या उघड्या ओठांवरून पाणी खाली येत होतं. म्हाताऱ्यांच्या तोंडाची चांगली बाजू जरा वर गेली.

घरी येताना मायनं माझा हात धरला नाही. अंगणात आल्यावर तिनं मला समोर उभं केलं आणि खुणा करत सांगितलं. तो आवाज तुझा नव्हता. जाड होता, पुरुषाचा, परंड्याकडच्या हेलाचा. म्हातारे बोलायचे तसाच. ज्यांनी ज्यांनी ऐकला त्यांनी मला पुढं हेच सांगितलं, कारभाऱ्यांनीसुद्धा. मला विचारू नका. त्या खोलीत तो आवाज न ऐकलेली मी एकटीच होते.

म्हातारे दोन-चार दिवसांत गेले. वडील मातीला जाऊन आले. त्यांनी सांगितलं, नदीवर न्हाव्यानं गुरुजींचं डोकं केलं, मग वस्तरा ओठाशी नेला आणि तसाच धरून उभा राहिला. काढायला काही नव्हतं. कडेला उभ्या माणसांपैकी कुणीतरी हसलं आणि मग सगळ्यांनी माना खाली घातल्या.

तेरावा झाल्यावर वडिलांनी आढ्याची पाटी काढून माझ्या हातात दिली. आता कुणाची हरकत नव्हती. बाप नसलेल्या माणसाच्या ओठावर मिशी असली काय, नसली काय. म्हाताऱ्यांच्या मरणानं माझी जागा मला परत मिळाली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं. गुरुजींनी नंतर मिशी ठेवलीच नाही.

शाळेत गेले तेव्हा खुर्ची दाराकडे तोंड करून होती. चौकटीवरची उर्दू अक्षरं चुन्यातून वर आली होती. गुरुजींनी मला आत येताना बघितलं. त्यांनी ओठ मिटले, उघडले, जीभ जरा वर गेली. हात मात्र मांडीवरच राहिला. बोट नाकाला गेलं नाही आणि गालालाही नाही.

मी त्यांच्या समोर बसले आणि पाटी पुसली.